तक्रार न येणाऱ्या मुली

1944 साली स्वित्झर्लंडमधील सीबा या औषधकंपनीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ लेआंद्रो पानिझॉन यांनी मेथिलफेनिडेट हे द्रव्य प्रथम तयार केले. त्यांच्या पत्नीचे नाव मार्गरीट, लाडाचे नाव रिटा. त्यांचा रक्तदाब कमी असे, म्हणून टेनिस खेळण्यापूर्वी त्या हे औषध घेत आणि त्याने आपला खेळ सुधारतो असे सांगत. पानिझॉन यांनी औषधाला त्यांचेच नाव दिले : रिटालिन. पुढे एडीएचडीवरचे सर्वांत परिचित औषध म्हणून ते जगभर पोचले. एका प्रौढ स्त्रीच्या नावाने ओळखले जाणारे हे औषध नंतरची कित्येक दशके मुख्यत्वे शाळकरी मुलग्यांना दिले गेले, आणि ज्या अवस्थेसाठी ते दिले जाते ती प्रौढ स्त्रियांनाही असू शकते हे वैद्यकशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने मनावर घेईपर्यंत विसावे शतक जवळजवळ संपत आले होते.

एडीएचडी म्हणजे अवधानातील न्यूनता आणि अतिचंचलता यांची, बालपणापासून सोबत असणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था. ती मुलांमध्ये साधारण 5 टक्के आणि प्रौढांमध्ये साधारण 2.5 टक्के इतक्या प्रमाणात आढळते. स्त्रियांमध्ये ती का ओळखली जात नाही, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे असते, की मुलींची लक्षणे शांत असतात, त्यामुळे ती दिसत नाहीत. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, कारण त्यात न दिसण्याचा सगळा दोष लक्षणांवर टाकलेला आहे आणि पाहणारा मोकळा सुटलेला आहे. मला असे वाटते, की ही अवस्था आपण आजवर मोजत आलो ती तिच्यामुळे इतरांना किती त्रास होतो या मापाने. जिला ती आहे तिला स्वतःला त्यापायी काय मोजावे लागते, याचे माप आपण अजून नीट तयारच केलेले नाही. तपासणीचे दार तक्रारीने उघडते, आणि ज्या मुलीची तक्रार येत नाही ती त्या दारापर्यंत पोचत नाही.

हे माप कोठून आले हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये 1902 साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी दिलेली व्याख्याने या विषयाच्या इतिहासात आरंभबिंदू म्हणून सांगितली जातात. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशा मुलांचे वर्णन त्यांनी ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’ या शब्दांत केले. त्यांनी मांडलेल्या 20 मुलांपैकी 15 मुलगे होते. 1937 साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले आणि त्यांच्या अभ्यासात झालेली सुधारणा नोंदवली, तेव्हा त्यांच्या 30 मुलांपैकी 21 मुलगे होते. या दोघांनी मुलींना मुद्दाम वगळले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापर्यंत जी मुले आली ती घराला किंवा शाळेला अनावर झाली म्हणून आली, आणि अनावर होणाऱ्यांत मुलगे अधिक होते, इतकेच. पण पुढे ज्यांच्यावरून लक्षणांच्या याद्या तयार झाल्या ती मुले अशा चाळणीतून आलेली होती, ही गोष्ट मागे पडली आणि याद्या मात्र राहिल्या.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-नियमावलीत 1968 साली या अवस्थेचे नाव बालपणातील अतिचंचलतेची प्रतिक्रिया असे होते. म्हणजे अवधानाचा उल्लेख नावात नव्हताच. 1980 च्या आवृत्तीने अवधान मध्यभागी आणले आणि अतिचंचलतेसह व अतिचंचलतेविना असे दोन प्रकार मानले. खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीसाठी ही पहिली पायवाट होती. 1987 च्या सुधारणेत सगळी लक्षणे एकाच यादीत घालून ती जवळजवळ बुजवण्यात आली, आणि 1994 साली मुख्यत्वे अवधानाशी संबंधित असा स्वतंत्र उपप्रकार मान्य करून पुन्हा मोकळी करण्यात आली. तरीही लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत ही अट 2013 पर्यंत कायम होती. आता ती मर्यादा बारा वर्षांची आहे, आणि सतरा वर्षे किंवा त्यावरील वयाच्या व्यक्तीसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली जातात. सातवरून बारावर येणे हा वरवर किरकोळ बदल वाटतो. पण हुशार आणि आज्ञाधारक मुलीच्या बाबतीत तो किरकोळ नाही. पहिल्या काही इयत्तांत शिक्षक एका वेळी एकच सूचना देतात, पालक दप्तर भरतात, आणि अभ्यास इतका थोडा असतो की तो निव्वळ बुद्धीच्या जोरावर निभावतो; अवधानाची खरी परीक्षा होते ती विषय वाढतात, वेळेचे नियोजन स्वतः करावे लागते आणि कोणी मागे उभे राहत नाही तेव्हा. सातव्या वर्षी जिच्यात काहीच वावगे दिसत नव्हते, तिच्यात त्या वेळी काहीच नव्हते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

या अवस्थेचे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. अवधानाची न्यूनता असे म्हटले की लक्षच लागत नाही असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात लक्ष लागते, कधी कधी तर इतके लागते की तहानभूक आणि समोरची हाक यांचेही भान राहत नाही. अडचण येते ती ते हवे तेव्हा, हव्या त्या ठिकाणी लावण्यात आणि तेथून काढून घेण्यात. जे काम महत्त्वाचे आहे हे पुरते ठाऊक आहे ते सुरू करता न येणे, हातातली गोष्ट ठेवताना ती कोठे ठेवली याची मनात नोंदच न होणे, दहा मिनिटे आणि पन्नास मिनिटे यांतला फरक आतून न जाणवणे, आणि सूचनेचा तिसरा भाग ऐकेपर्यंत पहिला निसटून जाणे, असे याचे रोजचे रूप असते. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली या अवस्थेला स्वयंनियमनाचा प्रश्न मानतात; काय करायचे हे माहीत नसणे ही येथली अडचण नाही, जे माहीत आहे ते वेळेवर हातून न होणे ही आहे. त्यात भावनांचाही मोठा वाटा असतो. चटकन भरून येणे, टीकेचा एक शब्द दिवसभर मनात घुमत राहणे, राग आणि पश्चात्ताप यांत क्षणाचेही अंतर नसणे, हे अनेक जणी सांगतात. पण निदानाच्या अठरा लक्षणांत भावनांचे नियमन मोजणारे एकही लक्षण नाही. मुलगी वारंवार रडते तेव्हा ती हळवी आहे असे म्हणून विषय संपतो.

अतिचंचलतेचे रूपही वेगळे असू शकते. वर्गात बाकावरून उठून धावणारा मुलगा डोळ्यांत भरतो. मुलीची अस्वस्थता बहुधा बडबडीत, नखे कुरतडण्यात, केसांशी चाळा करण्यात, वहीच्या समासात चित्रे काढण्यात जाते, किंवा बाहेर न येता आतच राहते. विचारांचे चक्र थांबत नाही, झोपही लवकर येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती मुलगी नुसती शांत बसलेली दिसते. सगळ्याच मुली अशा असतात असे नाही. झाडावर चढणाऱ्या, मध्येच बोलणाऱ्या, उसळणाऱ्या मुलीही असतात आणि त्यांची तऱ्हा आणखी वेगळी होते, कारण मुलग्यात जे वयाला साजेसे म्हणून चालते ते त्यांच्यात वळण नसल्याची खूण ठरते. आपल्या भाषेतले शब्दच पाहावेत. मुलगा द्वाड असतो, वांड असतो, खोडकर असतो, आणि हे शब्द उच्चारताना रागाबरोबर थोडे कौतुकही असते. मुलगी वेंधळी, धांदरट, गबाळी, आळशी असते. पहिल्या शब्दांत वागण्याचे वर्णन आहे, तर दुसऱ्या शब्दांत स्वभावाचा निवाडा आहे. वागण्याला उपाय शोधला जातो. स्वभाव सुधारण्याचे काम मात्र जिचा तिच्यावर सोपवले जाते.

शिक्षकांवर झालेल्या काही प्रयोगांत एकाच मुलाचे लेखी वर्णन, फक्त नाव कधी मुलाचे तर कधी मुलीचे ठेवून, देण्यात आले आणि या मुलाला तज्ज्ञांकडे पाठवाल काय असे विचारण्यात आले. वर्णन तेच असूनही मुलाचे नाव असताना शिफारस अधिक झाली. यावरून शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. भरलेल्या वर्गात ज्या मुलामुळे शिकवणे थांबते त्याच्याकडेच शिक्षकांचे लक्ष जाणार. प्रश्न असा आहे, की शिकवणे थांबवणाऱ्या मुलांना मदत मिळण्यासाठी जी वाट आहे, तीच वाट शिकणे थांबलेल्या मुलांसाठीही पुरेशी आहे असे आपण का धरून चाललो.

या वाटेचा परिणाम आकड्यांत दिसतो. तज्ज्ञांकडे आणल्या जाणाऱ्या मुलांत मुलगे मुलींच्या कित्येक पट असल्याचे अहवाल आहेत. काही ठिकाणी हे प्रमाण नवास एकपर्यंत गेलेले आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत जाऊन पाहणी केली की तेच प्रमाण दोनास एक किंवा तीनास एक इतके खाली येते, आणि प्रौढांमध्ये ते आणखी जवळ येते. वयाबरोबर ही दरी का बुजत जाते याची काही उत्तरे जीवशास्त्रातही आहेत. मुलग्यांमधली उघड अतिचंचलता मोठेपणी ओसरते, त्यामुळे त्यांची संख्या कमी दिसू लागते. पण एक साधे कारण असेही आहे, की लहान मुलाला दुसरे कोणी तरी तज्ज्ञांकडे घेऊन जाते आणि प्रौढ माणूस स्वतः जातो. जोपर्यंत त्रास इतरांना होतो की नाही यावर तपासणी अवलंबून होती तोपर्यंत ज्या स्त्रिया दिसत नव्हत्या, त्या स्वतःच्या त्रासावरून निर्णय घेण्याची मुभा मिळताच दिसू लागल्या. स्वीडनमधील स्टॉकहोम परिसरातील आरोग्य-नोंदींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्त्रियांचे निदान पुरुषांपेक्षा सरासरी चार वर्षे उशिरा होत असल्याचे आढळले. चार वर्षे म्हणजे एखाद्या मुलीचा माध्यमिक शाळेचा किंवा महाविद्यालयाचा बहुतेक सगळा काळ.

आता त्या मधल्या वर्षांत काय घडते ते पाहू, कारण माझ्या मते या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. आपण विसरतो, आपल्याला उशीर होतो, आपण मध्येच बोलतो, हे मुलीला लवकर कळते, आणि त्याबद्दल लाज वाटायलाही ती लवकर शिकते. मग ती उपाय शोधते. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून पाहते. दहाला पोचायचे असेल तर नऊलाच जाऊन बसते, कारण नऊ आणि दहा यांच्या मध्ये दुसरे काही हाती घेतले तर ते सुटणार नाही हे तिला अनुभवाने माहीत असते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे इतक्या निर्धाराने पाहते की बोललेले मात्र निसटते. निबंध शेवटच्या रात्री जागून पुरा करते आणि तो चांगला उतरतो. मग पुढच्या वेळीही तीच रात्र आणि तीच धडधड. काम सुरू करायला जी आतली चालना लागते ती तिला भीतीतून मिळते. याला काही जण परिपूर्णतेचा हट्ट म्हणतात आणि त्याचे कौतुकही करतात. बाहेरच्यांना दिसते ते एवढेच, की हिचे काम वेळेवर होते.

आणि मग ती कधी तरी तज्ज्ञांपुढे बसते आणि प्रश्नावली पुढे येते : तुम्ही भेटीच्या वेळा किती वेळा विसरता? ती प्रामाणिकपणे लिहिते, क्वचित. कारण तिच्या भ्रमणध्वनीत त्या भेटीसाठी चार घंटा लावलेल्या असतात, आरशावर चिठ्ठी असते, आदल्या रात्री त्याच धास्तीने झोप लागलेली नसते आणि त्या दिवशी तिने दुसरे काहीही ठरवलेले नसते. न विसरण्यासाठी तुम्ही काय काय करता, हा प्रश्न सहसा यादीत नसतो. लंगडणाऱ्या माणसाने कुबडी घेऊन नीट चालून दाखवले म्हणून त्याचा पाय बरा आहे असे कोणी म्हणणार नाही. येथे मात्र कुबडी डोळ्यांना दिसत नाही, आणि ती जितकी मजबूत तितका निदानाविरुद्धचा पुरावा भक्कम. तुम्ही तर पदवी घेतली आहे, नोकरी सांभाळता आहात, तुम्हाला एडीएचडी कसे असेल, हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे अशा स्त्रिया थोड्या नाहीत. या वाक्यातला तर्क असा, की जी कोसळली नाही तिला ओझे नव्हते.

कोसळण्याची वेळ बहुधा तेव्हा येते जेव्हा बाहेरची चौकट नाहीशी होते किंवा जबाबदाऱ्या एकदम वाढतात. घर सोडून शिकायला जाणे, पहिली नोकरी, बढती, आणि सर्वांत जास्त म्हणजे मूल. घर चालवणे हे काम अवधानाच्या दृष्टीने किती कठीण असते याचा विचार क्वचितच होतो. त्याला ठरलेली मुदत नसते, ते संपत नाही, त्यात दर काही मिनिटांनी व्यत्यय येतो, पूर्ण झाल्याचे बक्षीस नसते, आणि त्यातला सर्वांत जड भाग म्हणजे आठवण ठेवणे : कोणते बिल भरायचे, कोणाचे औषध संपत आले, लसीची तारीख कोणती. या अवस्थेत जे जे सर्वांत अवघड जाते त्याचीच ही यादी आहे, आणि बहुतेक समाजांत ती स्त्रीच्या नावावर लिहिलेली असते. याची दुसरी बाजू बोचरी आहे. हीच अवस्था असलेल्या अनेक कर्तबगार पुरुषांच्या पाठीमागे त्यांच्या भेटी, बिले आणि किल्ल्या लक्षात ठेवणारी एखादी आई, पत्नी किंवा साहाय्यिका असते; त्यांना मिळणारी ही सवलत इतकी रुळलेली आहे की तिला सवलत असे कोणी म्हणतही नाही. त्या स्त्रीलाच ही अवस्था असेल, तर तिच्यासाठी लक्षात ठेवणारे कोण असते?

शरीराचाही यात वाटा आहे. ज्या डोपामिन या रसायनाच्या कार्याशी एडीएचडीचा संबंध जोडला जातो, त्या कार्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव पडतो. मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत हे संप्रेरक उतरते तेव्हा लक्षणे वाढतात आणि एरवी लागू पडणारे औषधही अपुरे वाटते, असे अनेक स्त्रिया सांगतात. बाळंतपणानंतर आणि रजोनिवृत्तीच्या काळात हाच अनुभव अधिक तीव्र होऊ शकतो. स्वीडनमध्ये 7 लाखांहून अधिक बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या असता, ज्यांना आधीपासून एडीएचडीचे निदान होते त्यांच्यापैकी सुमारे 17 टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या काळात नैराश्याचे निदान झालेले होते. निदान नसलेल्यांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. एवढा फरक असताना प्रसूतीपूर्व तपासणीत याविषयी एक प्रश्न विचारणे ही फार मोठी मागणी नव्हे. पण पाळीचे चक्र आणि औषधाची मात्रा यांच्या संबंधावर झालेले संशोधन अजून थोड्याच स्त्रियांपुरते आहे. निदानाचे निकष लक्षणे सहा महिने टिकलेली असावीत असे म्हणतात, त्या सहा महिन्यांत ती भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होतात का, हे मात्र त्यात विचारलेले नाही.

ज्यांचे निदान होत नाही त्यांना काहीच नाव मिळत नाही असे नसते. त्यांना नैराश्य आणि चिंताविकार ही नावे मिळतात, आणि ती बहुधा खरीही असतात. वर्षानुवर्षे आपण कमी पडतो असे वाटत राहिलेल्या माणसाला नैराश्य येणे यात नवल ते काय? पण पाणी गळते आहे म्हणून फरशी पुसत राहावी आणि नळाकडे कोणी पाहू नये, तसे हे उपचार चालतात. थोडे बरे वाटते, पुन्हा मुदती चुकतात, पुन्हा तेच. त्याहून गंभीर परिणामही नोंदलेले आहेत. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस एडीएचडी असलेल्या 140 मुली आणि तुलनेसाठी 88 मुली निवडून त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा सुरू केला. दहा वर्षांनंतर, ज्या मुलींमध्ये लहानपणी अवधानाच्या अडचणींसोबत उतावीळपणाही होता त्यांच्यापैकी 22 टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण 6 टक्के होते. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण त्या मुलींत 51 टक्के, केवळ अवधानाच्या अडचणी असलेल्या, म्हणजे ज्यांना आपण शांत म्हणतो अशा मुलींत 29 टक्के, आणि तुलनेच्या गटात 19 टक्के आढळले. डेन्मार्कमधील 19 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला, 2015 साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका साधारण दुप्पट असतो, त्यात अपघातांचा वाटा मोठा असतो, आणि ही सापेक्ष वाढ पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आहे. थोडा विसराळूपणा, थोडी धांदल, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेणाऱ्यांनी हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा, की आता पारडे उलट बाजूला झुकले आहे. अमेरिकेत 2020 ते 2022 या काळात 23 ते 49 वयाच्या स्त्रियांमधील निदानांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. त्याच सुमारास टिकटॉकवरील या विषयाच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर चित्रफिती तपासणाऱ्या संशोधकांना त्यांतील निम्म्याहून अधिक चित्रफिती दिशाभूल करणाऱ्या आढळल्या. किल्ली हरवली म्हणून एडीएचडी, कंटाळा आला म्हणून एडीएचडी, असा सुकाळ झाला की खरी अडचण असलेल्यांचेच हसे होते. शिवाय थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, अपुरी झोप, मानसिक आघात, आणि निव्वळ अतिरेकी कामाचा भार यांमुळेही लक्ष विखुरते, आणि त्यांपैकी काही गोष्टी साध्या तपासणीत कळतात. पाच मिनिटांच्या चाचणीवर औषध लिहून देणाऱ्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. पण उतावळ्या निदानावरचा उपाय म्हणजे काळजीपूर्वक निदान. निदानच न करणे हा तो उपाय नव्हे. आणि जेथे अनेक दशके मोजणीच कमी झाली होती तेथे मोजणी सुरू झाल्यावर आकडा वाढणारच, त्यातला किती भाग थकबाकीचा आणि किती भाग फुगवट्याचा, हे एकेका व्यक्तीचा बालपणापासूनचा इतिहास नीट ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : मुलींमध्ये ही अवस्था खरोखरच कमी असेल तर? असू शकेल. काही जुळ्यांच्या आणि जनुकीय अभ्यासांतून असे सूचित होते, की मुलींमध्ये काहीसे संरक्षण असावे आणि ही अवस्था प्रकट होण्यासाठी त्यांच्यावर आनुवंशिक भार अधिक असावा लागतो. मी हे नाकारत नाही, आणि स्त्री-पुरुषांतले प्रमाण अगदी समसमान निघालेच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. मात्र जिच्यात ही अवस्था आहे तिची मदत तिच्यासारख्या इतर किती आहेत यावर अवलंबून नसते. उलट काही संशोधनांत असे दिसले, की लक्षणे सारखीच असली तरी मुलींचे निदान होण्यासाठी सोबत वर्तनाच्या किंवा भावनिक समस्या असणे अधिक आवश्यक ठरते. म्हणजे मुलीने दाराजवळ पोचण्यासाठी आधी बरेच काही बिघडवून दाखवावे लागते.

नाव मिळून काय होते, असेही विचारले जाते. औषधांचा परिणाम मोठ्या संख्येने लोकांना होतो, सर्वांना नाही. त्यांचे दुष्परिणाम असतात आणि ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. वेळेचे आणि कामाचे नियोजन शिकवणाऱ्या, विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या उपचारपद्धतींनी लाभ होतो. पण याआधी एक गोष्ट घडते. चाळिशीत निदान झालेली स्त्री मागे वळून पाहते तेव्हा सोडून दिलेला अभ्यासक्रम, तुटलेली मैत्री, अर्ध्यावर राहिलेली कामे यांचा अर्थ बदलतो, आणि त्या बदलात जितका सुटकेचा भाग असतो तितकाच शोकाचाही असतो, कारण हे आधी कळले असते तर, हा विचार टाळता येत नाही.

म्हणून काय करावे, याची माझी अपेक्षा मोठी नाही. नैराश्य किंवा चिंतेसाठी वारंवार उपचार घेऊनही जी पुन्हा तेथेच येते, तिला बालपणाबद्दल, शाळेबद्दल, वेळेबद्दल विचारावे. मुलाचे निदान झाले की आई आणि वडील या दोघांनाही विचारावे, कारण या अवस्थेतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 74 टक्के मानला जातो, आणि मुलाची प्रश्नावली भरताना आपलेच वर्णन वाचतो आहोत असे वाटून थबकलेल्या आया तज्ज्ञांना नवीन नाहीत. शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या याद्यांत वर्गाला त्रास देतो का या प्रश्नाबरोबर, याच्या बुद्धीच्या मानाने याला काम पुरे करायला किती जास्त कष्ट पडतात, हाही प्रश्न असावा. आणि निकषांतील दुर्बलतेचे मोजमाप करताना निष्पत्तीबरोबर तिच्यामागच्या श्रमांचीही नोंद व्हावी.

यात एक पेच मात्र उरतो. प्रौढ वयात निदान करायचे तर लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती याचा आधार लागतो, आणि तो योग्यच आहे, नाही तर आजचा थकवा आणि जन्मापासूनची अवस्था यांत फरक करता येणार नाही. हा आधार म्हणून आईवडिलांच्या आठवणी विचारल्या जातात आणि जुनी प्रगतिपुस्तके मागितली जातात. म्हणजे ज्या शाळेच्या नजरेतून ती मुलगी निसटली त्याच शाळेच्या कागदांतून तिने आपली साक्ष काढायची. ते कागद मिळाले तर बहुधा त्यांत तक्रार नसते. वर्तन चांगले असते, गुण बरे असतात. पण शेऱ्यांचा रकाना नीट वाचला तर वर्षानुवर्षे, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच वाक्य सापडते : हुशार आहे, पण लक्ष देत नाही, मनात आणले तर बरेच करू शकेल. ते वाक्य तेव्हा मुलीला दिलेली समज म्हणून लिहिले गेले होते. ज्यांनी ते लिहिले त्यांनी तिला पाहिले होते.